न्यू ब्रन्सविकमधली फ्रेंच इमर्शनची कपात : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात पहिलीपासूनचं फ्रेंच इमर्शन बंद करण्याचा प्रयत्न पंधरा वर्षांत दोनदा झाला, एकदा 2008 मध्ये आणि एकदा 2022-23 मध्ये. पहिला लिबरल सरकारनं केला, दुसरा कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारनं, त्यामुळे अमुक पक्ष आला की धोका टळला असं समजू नका. मंक्टन, फ्रेडरिक्टन, सेंट जॉनमध्ये गेल्या काही वर्षांत आलेल्या मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. कपात होऊ नये अशीच आमची बाजू आहे, पण सरकारच्या म्हणण्यात जिथे तथ्य आहे तिथे ते तसं सांगितलं आहे.

इमर्शन म्हणजे नेमकं काय?

घरी फ्रेंच न बोलणाऱ्या मुलांना गणित, विज्ञान, परिसर अभ्यास हे विषयच फ्रेंचमधून शिकवायचे, ही ती पद्धत. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट-लँबर्ट गावात 1965 साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी शाळा मंडळाच्या मागे लागून तिचा पहिला वर्ग सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला, म्हणून ही पद्धत सुरुवातीपासून बारकाईनं तपासली गेलेली आहे. आज कॅनडाभर साडेचार लाखांहून अधिक मुलं इमर्शनमध्ये आहेत.

न्यू ब्रन्सविकमध्ये दोन प्रवेशद्वारं आहेत, पहिली आणि सहावी. पहिलीच्या प्रवेशाला 'अर्ली' आणि सहावीच्या प्रवेशाला 'लेट' म्हणतात. कपातीची कुऱ्हाड बहुतेक वेळा अर्लीवर पडते. इमर्शन न घेणारी मुलं ज्या वर्गात असतात त्याला 'इंग्लिश प्राइम' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखा येणार आहे.

इमर्शनची शाळा आणि फ्रेंच शाळा एकच ना?

नाही, आणि हा घोळ नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात होतो. न्यू ब्रन्सविक हा कॅनडातला एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत. इथे शाळांच्या दोन स्वतंत्र शाखा आहेत : इंग्रजी शाखेचे चार जिल्हे आणि फ्रेंच शाखेचे तीन. फ्रेंच शाखेच्या शाळा मुख्यतः अकेडियन (इथला जुना फ्रेंचभाषक समाज) आणि इतर फ्रेंचभाषक कुटुंबांसाठी आहेत. तिथे शाळेचा सगळा कारभार फ्रेंचमध्ये चालतो. इमर्शन हा इंग्रजी शाखेतला कार्यक्रम आहे.

विरोध करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. 'सरकार फ्रेंच शाळा बंद करतंय' असं एका पोस्टमध्ये चुकून लिहिलं, तरी पुढचे चार दिवस खुलासे करण्यात जातात.

फ्रेंचमधून शिकणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे ना?

अल्पसंख्याक भाषेतून शिक्षणाचा हक्क कॅनडाच्या हक्कसनदेच्या कलम 23 मध्ये आहे, पण तो त्या अल्पसंख्याक भाषकांचा. क्युबेकबाहेर तो मुख्यतः ज्यांची मातृभाषा फ्रेंच आहे, किंवा ज्यांचं स्वतःचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंच शाळेत झालं आहे, अशा नागरिक पालकांना मिळतो. इंग्रजी शाखेतल्या मुलाला इमर्शन मिळालंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. शिक्षण हा 1867 च्या घटना कायद्याच्या कलम 93 नुसार प्रांताचा विषय आहे, म्हणून ओटावाकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे, दाद मागून निर्णय फिरत नाही.

तेव्हा 'आमचा हक्क हिरावला' ही घोषणा कितीही जोरात दिली तरी कायद्यापुढे ती टिकणारी नाही. टिकतात त्या दोन गोष्टी : सरकारनं निर्णय कसा घेतला, आणि कोणत्या आकड्यांवर घेतला. या पानाचा पुढचा बराचसा भाग या दोन गोष्टींभोवतीच फिरतो.

2008 मध्ये काय घडलं होतं?

शॉन ग्रॅहम यांचं लिबरल सरकार होतं आणि केली लॅमरॉक शिक्षणमंत्री होते. जेम्स क्रॉल आणि पॅट्रिशिया ली या दोन आयुक्तांचा अहवाल 27 फेब्रुवारी 2008 ला प्रसिद्ध झाला आणि 14 मार्चला, म्हणजे जेमतेम 16 दिवसांत, मंत्र्यांनी निर्णय जाहीर केला : अर्ली इमर्शन बंद, पहिली ते चौथीचं नेहमीचं फ्रेंचही बंद, त्याऐवजी पाचवीत सगळ्यांना इंटेन्सिव्ह फ्रेंच (वर्षाचा अर्धा भाग बहुतेक वेळ फ्रेंच) आणि ज्यांना हवं त्यांना सहावीपासून लेट इमर्शन. अंमलबजावणी त्याच सप्टेंबरपासून.

निदर्शनं झाली, विद्यापीठांतल्या भाषातज्ज्ञांनी अहवालातल्या आकडेवारीची चिरफाड केली आणि ओम्बुड्समन (सरकारविरुद्धच्या तक्रारी तपासणारा अधिकारी) बर्नार्ड रिचर्ड यांच्याकडे शेकडो तक्रारी गेल्या. दोन पालक कोर्टात गेले. जून 2008 मध्ये न्यायमूर्ती ह्यू मॅक्लेलन यांनी निर्णय रद्द केला, कारण लोकांना म्हणणं मांडायला पुरेसा वेळ आणि खरी संधी मिळालेली नव्हती. इमर्शन चांगलं की वाईट यावर कोर्टानं मत दिलं नाही.

सरकारनं अपील न करता उन्हाळ्यात हरकती मागवल्या आणि 5 ऑगस्टला नवा निर्णय दिला : इमर्शन राहील, पण पहिलीऐवजी तिसरीपासून. कोर्टात जिंकूनही पहिलीचा प्रवेश गेला तो गेलाच. तो परत यायला सप्टेंबर 2017 उजाडला.

आणि 2022-23 मध्ये?

ब्लेन हिग्ज यांच्या सरकारनं न्यायाधीश इव्हेट फिन आणि शिक्षण खात्याचे माजी डेप्युटी मिनिस्टर (आपल्याकडच्या सचिवासारखं पद) जॉन मॅकलॉफ्लिन यांच्याकडून द्वितीय भाषेच्या शिक्षणावर अहवाल घेतला होता. त्याचा आधार घेऊन योजना आली ती अशी : सप्टेंबर 2023 पासून इमर्शनमध्ये नवे प्रवेश बंद, आणि इंग्रजी शाखेतल्या सगळ्याच लहान मुलांना अर्धा दिवस फ्रेंच. शिक्षणमंत्री डॉमिनिक कार्डी यांनी 13 ऑक्टोबर 2022 ला राजीनामा दिला. बदलाची घाई हे त्यांनी पत्रात दिलेल्या कारणांपैकी एक. त्यांच्या जागी बिल होगन आले.

जानेवारी 2023 मध्ये बॅथर्स्ट, मंक्टन, सेंट जॉन, फ्रेडरिक्टन इथे सुनावण्या झाल्या. सभागृहं भरली, आणि बोलणारे जवळजवळ सगळे विरोधात. 17 फेब्रुवारीला होगन यांनी योजना सोडून दिल्याचं जाहीर केलं.

दोन्ही वेळच्या लढ्यांत एक मोठा फरक होता. 2008 मध्ये विरोध करणारे बहुतांशी इमर्शनचे पालक होते. 2023 मध्ये इंग्लिश प्राइमचे पालकही उठले, कारण अर्धा दिवस फ्रेंच त्यांच्या मुलांवरही येणार होतं आणि ते शिकवणारे शिक्षक कुठून आणणार हे कोणीच सांगत नव्हतं. शाळांतले शिक्षकही साशंक होते. एवढी माणसं एकाच बाजूला आल्यावर सरकारला 'हा मूठभर सुशिक्षितांचा आरडाओरडा' असं म्हणता आलं नाही.

सरकारच्या युक्तिवादांत काही तथ्य आहे का?

आहे, आणि ते नाकारलंत तर सुनावणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडाल.

सर्वांत वजनदार मुद्दा वर्गांच्या वाटणीचा. इमर्शनमध्ये ज्या मुलांना घरून मदत मिळते ती जास्त जातात. ज्यांना वाचनात अडचण आहे, वागणुकीचे प्रश्न आहेत किंवा स्वतंत्र शिक्षण आराखडा लागतो, ती इंग्लिश प्राइममध्ये साचतात. मग त्या वर्गात एका शिक्षकावर फार भार येतो. हे खरं आहे. पण असं होण्याचं एक मोठं कारण म्हणजे इमर्शनच्या वर्गात विशेष शिक्षकाची मदत फारच कमी मिळते. मूल अडखळलं की 'त्याला इंग्रजीत हलवा' हा सल्ला ठरलेला. मॅकगिलचे फ्रेड जेनेसी यांच्या संशोधनात शिकायला जड जाणारी मुलं इमर्शनमध्येही इंग्रजीत तेवढीच पुढे जातात जेवढी तशीच मुलं इंग्रजी वर्गात जातात, आणि वर फ्रेंच शिकतात ते वेगळं. तेव्हा मागणी करायची ती इमर्शनमध्ये मदतनीस आणि वाचनतज्ज्ञ देण्याची.

शिक्षकांच्या तुटवड्याचा मुद्दाही खरा. फ्रेंच नीट बोलणारे शिक्षक मिळत नाहीत, म्हणून कमी तयारीचे नेमले जातात. पण यावरचा उपाय म्हणून सगळ्यांनाच अर्धा दिवस फ्रेंच शिकवायचं ठरवलं, तर शिक्षक आणखी जास्त लागतात. 2023 मध्ये हा प्रश्न प्रत्येक सभागृहात विचारला गेला.

इमर्शन बंद केल्यानं पैसे वाचतात का?

शाळेच्या आकारावर अवलंबून आहे. पहिलीतली मुलं कुठेही पळून जात नाहीत. त्यांना वर्ग आणि शिक्षक लागणारच. जादा खर्च कुठे येतो ते एका कल्पित शाळेवरून बघू, वर्गाची कमाल मर्यादा 21 धरून.

पहिलीला 46 मुलं आहेत. इमर्शन नसेल तर तीन तुकड्या पुरतात : 15, 15 आणि 16. आता समजा 24 मुलांनी इमर्शन घेतलं, 22 इंग्लिश प्राइममध्ये राहिली. दोन्हीकडे मर्यादा ओलांडली, म्हणून दोन-दोन तुकड्या आणि चार शिक्षक. एक शिक्षक जास्त. हाच आकडा 42 मुलं, 21 आणि 21 असा असता तर दोन्ही परिस्थितींत दोनच तुकड्या लागल्या असत्या आणि जादा खर्च शून्य. मोठ्या शहरी शाळांत हे तुकड्यांचं त्रांगडं आपोआप सुटतं, लहान गावांत सुटत नाही.

म्हणून 'इमर्शनचा खर्च अमुक कोटी डॉलर' असा ठोक आकडा समोर आला की विचारायचं : हा एकूण खर्च आहे की जादा खर्च? इमर्शनच्या शिक्षकांचे सगळे पगार त्यात धरले असतील तर तो आकडा निरर्थक, कारण ते पगार इंग्रजी वर्गातही द्यावेच लागतील. शाळानिहाय तुकड्यांचा तक्ता मागा. बसचा खर्चही वेगळा दाखवायला सांगा. शिवाय द्वितीय भाषेच्या शिक्षणासाठी प्रांताला केंद्राकडून करारानुसार पैसे मिळतात. कपातीनंतर ते कशावर खर्च होणार, हाही लेखी प्रश्न असू द्या.

'इतकी वर्षं शिकूनही मुलांना फ्रेंच येत नाही' या आकड्यांचं काय?

इथे सर्वाधिक गफलती होतात. प्रांतात बारावीला तोंडी चाचणी होते आणि तिची मोजपट्टी 'नॉव्हिस', 'बेसिक', 'इंटरमीजिएट', 'ॲडव्हान्स्ड', 'सुपीरियर' अशी चढत जाते, मध्ये 'प्लस'च्या पायऱ्या. अर्ली इमर्शनचं उद्दिष्ट 'ॲडव्हान्स्ड' हे होतं.

नेहमीची चलाखी अशी : पहिलीत शंभर मुलं होती, बारावीत इतक्याच जणांनी 'ॲडव्हान्स्ड' गाठलं, म्हणून यश इतके टक्के. मधल्या काळात प्रांत सोडून गेलेली, नववी-दहावीत इतर विषयांसाठी इमर्शनमधून बाहेर पडलेली आणि चाचणीलाच न बसलेली मुलं सगळी 'नापास'च्या खात्यात जातात. दहावीपर्यंत इमर्शन करून बाहेर पडलेल्या मुलीला फ्रेंच येतंच, फक्त तिची नोंद नसते. दुसरी चलाखी म्हणजे अर्ली आणि लेट यांची तुलना. सहावीत स्वतःहून फ्रेंच निवडणारी मुलं आधीच निवडक असतात, तेव्हा त्यांचे निकाल चांगले येणारच.

कोणताही टक्का दिसला की भागाकारात खाली कोणती संख्या आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर तेवढंच सुनावणीत मांडा.

इंटेन्सिव्ह फ्रेंच पुरेसं नाही का?

ती चांगली पद्धत आहे, तिची टिंगल करू नका. जोन नेटन आणि क्लोद जेर्मँ यांनी ती 1998 मध्ये न्यूफाउंडलंडमध्ये सुरू केली. पाचवी किंवा सहावीच्या वर्षाचा अर्धा भाग बहुतेक वेळ फ्रेंचला द्यायचा आणि बाकीचे विषय उरलेल्या अर्ध्यात दाटीनं बसवायचे. साध्या 'रोज अर्धा तास फ्रेंच'पेक्षा मुलं खूपच मोकळेपणानं बोलू लागतात. पण एकूण तास इमर्शनच्या जवळपासही जात नाहीत. तुलनेसाठी ओंटारियोचे नियम बघा : आठवीअखेर साध्या फ्रेंचला किमान 600 तास, एक्स्टेंडेडला (फ्रेंचसोबत एखादा विषयही फ्रेंचमधून) 1260, इमर्शनला 3800. इंग्लिश प्राइमच्या मुलांसाठी इंटेन्सिव्ह हवंच. इमर्शनचा पर्याय म्हणून ते पुढे केलं की मात्र विरोध करायचा.

घोषणा न करताच कपात होते का?

होते, आणि तीच जास्त होते. मंत्री पत्रकार परिषद घेतात तेव्हा निदान लढायला काहीतरी समोर असतं. चोरपावलांनी येणारी कपात अशी दिसते : नवी तुकडी उघडायला लागणारी किमान मुलांची संख्या वाढवणं, प्रवेशाला कमाल मर्यादा घालून सोडत काढणं, शेजारच्या शाळेतली तुकडी दूरच्या शाळेत नेऊन तिथे बस न देणं, नोंदणीची मुदत लहान ठेवणं आणि सूचना फक्त इंग्रजी ईमेलनं एकदाच पाठवणं, निवृत्त शिक्षकाची जागा वर्षभर बदली शिक्षकांवर चालवणं. दोन वर्षांनी पट घसरतो आणि 'मागणीच नाही' असा शेरा बसतो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. दर वर्षी आपल्या शाळेत किती अर्ज आले, किती जागा दिल्या, किती मुलं प्रतीक्षायादीत राहिली, हे तीन आकडे लिहून ठेवा.

घोषणा झाली. आता पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचं?

आधी मूळ कागद मिळवा : मंत्र्यांचं निवेदन, अहवाल, अंमलबजावणीचं वेळापत्रक. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका. त्यातून तीन तारखा काढा : हरकतींची शेवटची तारीख, केजीतल्या मुलांच्या पुढच्या वर्षाच्या नोंदणीची तारीख, आणि शिक्षकांच्या नेमणुका ठरण्याचा काळ. शाळा सप्टेंबरला उघडत असली तरी नेमणुकांची आखणी वसंतातच होते. ती झाली की सरकार म्हणतं, 'आता उशीर झाला.'

मग ज्यांना खरी झळ बसणार ते पालक शोधा. दोन्ही वेळा सरकारनं सांगितलं की सध्या इमर्शनमध्ये असलेल्या मुलांना धक्का लागणार नाही. ऐकायला हे दिलासादायक वाटतं. परिणाम मात्र असा होतो की संघटित असलेले पालक निर्धास्त होतात, आणि ज्यांचं मूल तीन-चार वर्षांचं आहे ते कोणत्याच शाळेच्या यादीत नसतात. ते सापडतात पाळणाघरात, ग्रंथालयाच्या गोष्टींच्या तासाला, आपल्याकडच्या गणपतीच्या नाहीतर संक्रांतीच्या कार्यक्रमात. तिथे एक टेबल टाका आणि नाव, मतदारसंघ, मुलाचं वय एवढंच लिहून घ्या.

नवी संघटना काढण्यात वेळ घालवू नका. 'कॅनेडियन पेरेंट्स फॉर फ्रेंच' ही 1977 पासूनची संस्था आहे आणि तिची प्रांतिक शाखा आहे. वेगळं मराठी निवेदन द्यायचं असेल तर द्या, पण मागणीचं वाक्य त्यांच्याशी जुळतं ठेवा. पाच गटांनी पाच मागण्या केल्या की मंत्रालय सर्वांत सौम्य मागणी निवडून तीच मान्य करतं.

शेवटचं, आमदाराची भेट. विधानसभेत 49 जागा आहेत, मतदारसंघ लहान आहेत आणि बरेच आमदार मतदाराला सहज भेटतात. दोन-तीन जण जा, वीस मिनिटं मागा, एक पानाचं टिपण हातात द्या. निघताना 'तुमच्या पक्षाच्या बैठकीत तुम्ही काय भूमिका घ्याल?' हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

पत्रात काय लिहावं?

पहिल्या ओळीत मतदारसंघ आणि मुलाची इयत्ता किंवा वय. दुसऱ्या ओळीत मागणी, एकच : 'सप्टेंबरपासूनची अंमलबजावणी थांबवा' किंवा 'पहिलीचा प्रवेश कायम ठेवा'. नंतर दोन परिच्छेद, एक आपल्या शाळेतल्या परिस्थितीवर, एक सरकारच्या कागदातल्या एखाद्या आकड्यावर. शेवटी लेखी उत्तर मागा. एका पानात संपवा. प्रत शिक्षणमंत्री, जिल्हा शिक्षण परिषदेचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षाचे शिक्षण-प्रवक्ते यांना.

एकच मजकूर दोनशे जणांनी चिकटवून पाठवला तर कार्यालयात त्याचं वजन एका पत्राएवढं होतं. मुद्द्यांची यादी वाटा, मजकूर वाटू नका. मोडक्या इंग्रजीत पण स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं पत्र चॅटबॉटकडून घोटून घेतलेल्या पत्रापेक्षा जास्त वाचलं जातं.

काय टाळावं तेही सांगतो. 'आमची मुलं हुशार आहेत, त्यांना आव्हान हवं' हे वाक्य नको. उच्चभ्रूपणाचा जो आरोप इमर्शनवर होतो त्याला तुम्हीच पुरावा देता. अकेडियन समाजाबद्दल किंवा द्विभाषिकतेच्या धोरणाबद्दल तिरकस काही नको. कपातीला विरोध करणाऱ्यांत काही जण मुळात फ्रेंचच नको म्हणणारे असतात. त्यांच्या पत्रकावर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचा.

सुनावणीत बोलायची वेळ आली तर?

वेळ दोन-तीन मिनिटांचीच असते. प्रश्न विचारा, भाषण नको. 'या योजनेसाठी किती जादा शिक्षक लागतील आणि आज किती जागा रिकाम्या आहेत?' एवढा एक प्रश्न मराठी वळणाच्या इंग्रजीत विचारला तरी पुरतो. प्रश्न आधी लिहून न्या आणि कागद अधिकाऱ्याकडे द्या, म्हणजे नोंदीत येतो. काही वेळा लोकांना टेबलांभोवती गटात बसवून चर्चा घेतात आणि तिथल्या टिपणांचा सारांश अधिकारीच लिहितात. तसं असेल तर आपल्या टेबलाच्या टिपणाचा फोटो काढून ठेवा.

माहितीचा अधिकार इथे आहे का?

प्रांताचा स्वतंत्र कायदा आहे आणि 2010 पासून लागू आहे. उत्तर यायला सहा आठवडे लागू शकतात, मुदतवाढही घेतात, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. 'इमर्शनबद्दलची सगळी कागदपत्रं' असं मागितलंत तर दिरंगाई नक्की. नेमकं मागा : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक जिल्ह्यातले पहिलीचे शाळानिहाय अर्ज आणि तुकड्या, किंवा या निर्णयाआधी तयार केलेला खर्चाचा अंदाज. असा अंदाज तयारच झालेला नाही असं उत्तर आलं, तर तीच बातमी.

कोर्टात जावं का?

शेवटचा पर्याय म्हणून, आणि डोळे उघडे ठेवून. 2008 चा निकाल प्रक्रियेवर लागला. त्यातून सरकारं शहाणी झाली आहेत आणि आता हरकतींचा सोपस्कार उरकूनच निर्णय घेतात. न्यायालयीन फेरतपासणीची मुदत कमी असते, म्हणून जाणार असाल किंवा नसाल, वकिलाचा सल्ला निर्णय झाल्या झाल्या घ्या. हरलात तर समोरच्याच्या खर्चाचा काही भाग अंगावर येऊ शकतो. कोर्ट जास्तीत जास्त निर्णय रद्द करून 'पुन्हा नीट विचार करा' म्हणेल. नव्यानं तोच निर्णय घेण्यापासून सरकारला रोखणार नाही.

आम्ही नागरिक नाही, पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) किंवा वर्क परमिटवर आहोत. बोललो तर काही अडचण?

हक्कसनदेतलं कलम 2, म्हणजे मत मांडण्याचं आणि शांततेनं एकत्र येण्याचं स्वातंत्र्य, 'प्रत्येकाला' आहे. त्यात नागरिकत्वाची अट नाही. पत्र लिहिणं, आमदाराला भेटणं, सुनावणीत बोलणं, परवानगीच्या निदर्शनात उभं राहणं यात बेकायदा काही नाही. मतदान मात्र नागरिकांनाच, जिल्हा शिक्षण परिषदेच्या निवडणुकीतही. मत नसलं तरी शाळेच्या पालक समितीत भाग घेता येतो आणि तिथे माणसं कायम कमीच असतात. शरद ऋतूतल्या पहिल्या सभेला जा.

घरी मराठी, बाहेर इंग्रजी, आणि वर फ्रेंच. मूल गोंधळणार नाही का?

सहा वर्षांचं मूल तीन भाषांत गोंधळत नाही, गोंधळतात ते आईवडील. इमर्शनच्या मुलांचं इंग्रजी वाचन-लेखन सुरुवातीला मागे राहतं, कारण ते शिकवलेलंच नसतं. इंग्रजीचा तास सुरू झाला की एक-दोन वर्षांत भरून निघतं. हे सेंट-लँबर्टपासून दिसत आलं आहे. मराठीचं नुकसान फ्रेंचमुळे होत नाही. ते घरात आईवडील आपसात इंग्रजी बोलू लागतात त्यानं होतं.

गृहपाठाची भीती मात्र रास्त आहे, कारण घरी कोणालाच फ्रेंच येत नाही. इमर्शनमधल्या बहुसंख्य इंग्रजी पालकांचीही तीच अवस्था आहे, आणि शाळा ते गृहीत धरते. गणित मराठीत समजावून सांगितलंत तरी चालतं.

माझं मूल इंग्लिश प्राइममध्ये आहे. मी का पडू यात?

कारण तुमच्या पाठिंब्याशिवाय हा विरोध टिकत नाही आणि तुमच्या वर्गाच्या तक्रारी नेहमीच कपातीचं निमित्त म्हणून वापरल्या जातात. पण हे एकतर्फी असू नये. इमर्शनच्या पालकांच्या निवेदनात इंग्लिश प्राइमच्या वर्गाचा आकार कमी करणं आणि तिथे मदतनीस वाढवणं ही मागणी नसेल, तर सही करू नका आणि का करत नाही ते सांगा.

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीला विरोध आणि इथे पहिलीपासून फ्रेंचसाठी लढा, हे उलटसुलट नाही का?

महाराष्ट्रात 16 एप्रिल 2025 चा शासन निर्णय आला, 17 जूनला त्यात बदल झाला, 29 जूनला दोन्ही मागे घेतले गेले आणि नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. तिथे प्रश्न सक्तीचा होता, इथे पालकांनी निवडायच्या पर्यायाचा आहे. 2023 ची इथली योजना मात्र सगळ्यांसाठी होती आणि तिलाही विरोध झालाच. दोन्हीकडे पहिलीच्या मुलांवर आधी निर्णय लादला गेला आणि चर्चा नंतर झाली.

सरकारनं माघार घेतली. गट बंद करायचा का?

मोर्च्याचा गट बंद करा. आकडे ठेवणारे दोघे-तिघे राहू द्या. 2023 च्या माघारीनं शिक्षकांचा तुटवडा संपला नाही आणि इंग्लिश प्राइमचे वर्गही हलके झाले नाहीत, म्हणजे पुढच्या योजनेची कारणं जशीच्या तशी शिल्लक आहेत. जिल्हा शिक्षण परिषदेची इतिवृत्तं वाचायला महिन्याला तासभर पुरतो. त्यात 'कार्यक्रमाचा आढावा', 'किमान पटसंख्या' किंवा 'बसमार्गांची फेररचना' असे शब्द दिसले की पुढच्या सभेला कोणीतरी जायचं, आणि बोलण्यासाठी नाव आधी नोंदवायला विसरायचं नाही.